दीड इंच

बसायच्या खुर्चीची उंची साधारण सतरा इंच असते. मी चाळीस वर्षं खुर्च्या केल्या, शाळांसाठी, कचेऱ्यांसाठी, दवाखान्यांसाठी, त्यामुळे मला पट्टी लावावी लागत नाही. माणूस बसला की त्याच्या गुडघ्याकडे बघून कळतं, खुर्ची उंच आहे की ठेंगणी. आमच्या क्लिनिकमध्ये व्यायामाच्या बाईंच्या खोलीत एक लाकडी खुर्ची होती, ती बरोबर सतरा इंच होती. मी ती साडेअठरा केली. का केली ते सांगायचं तर हिच्याबद्दल सांगावं लागेल.

ही म्हणजे माझी बायको. ती जाऊन आता चार महिने झाले.

आम्ही दोघंही एचआयव्हीच्या गोळ्या एकवीस वर्षं घेत होतो. आजार मी आणला. लेक लहान असताना दोन वर्षं बाहेरगावी इमारतींच्या दारं-खिडक्यांच्या कामावर होतो, तिथून आणला. लेकीला काही नव्हतं, ती आधीची. हिला मात्र माझ्याकडून झाला. ती यावरून माझ्याशी भांडली ती एकदाच, आणि ते भांडण दीड दिवस चाललं. नंतर कधी विषय निघाला तर म्हणायची, "तुमच्याकडून एवढी एकच गोष्ट मला न मागता मिळाली." ती हे हसत म्हणायची. मी हसत नसे.

पहिल्यांदा कळलं तेव्हा ती फार आजारी होती. अकरा दिवस एका दवाखान्यात होती. तेव्हा या आजाराला लोक फार घाबरायचे. ताट दारातच ठेवून जायचे. अंग पुसायला दोन बायका यायच्या, हातमोज्यांवर हातमोजे घालायच्या आणि तोंड फिरवून, भांडं घासावं तसं पुसायच्या. ती घरी आली, स्वतः पाणी तापवलं, तासभर आंघोळ केली आणि बाहेर येऊन म्हणाली, "यापुढे माझी आंघोळ मी करणार. मरेपर्यंत." मला वाटलं, रागात बोलतेय. ती रागात नव्हती.

गोळ्यांनी आम्ही जगलो. नुसतं जगलो नाही, कामं केली, लेकीला शिकवलं, तिचं लग्न केलं. ही एका शिंप्याच्या दुकानात काजं करायची. कोटाची काजं हातानं करणारी आता कोणी राहिली नाही, त्यामुळे शिंपी तिला धरून होता. दुकानात तिला काजेवालीच म्हणायचे. बसून करायचं काम. हात शेवटपर्यंत चांगले होते. पाय गेले.

क्लिनिकमध्ये आमच्याबरोबर सुरुवातीला जे होते त्यातले निम्मे पहिल्या काही वर्षांत गेले. उरलो ते म्हातारे झालो. याचा कोणी विचारच केला नव्हता, आम्हीही नाही. साठीला आलेला माणूस गुडघे धरून उठतो, तसे आम्ही पंचावन्नलाच उठायला लागलो. एकदा बाकावर बसल्या बसल्या खानावळवाली मावशी म्हणाली, "मरायची तयारी केली होती मी सगळी. म्हातारं व्हायची केलीच नव्हती." ही मावशी सत्तरीची. एकटीनं खानावळ चालवायची. मला सुतारा म्हणायची आणि हिला पोरी.

मग तीन वर्षांपूर्वी क्लिनिकनं पन्नाशी उलटलेल्यांसाठी तपासणी सुरू केली. दर सहा महिन्यांनी व्यायामाच्या बाईंकडे जायचं. बाई तरुण होत्या, आम्हाला काका-काकू म्हणायच्या. छातीवर हातांची घडी घालायची, खुर्चीवरून पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं, हाताचा आधार घ्यायचा नाही. बाई घड्याळ लावायच्या. मग जमिनीवर चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, तेवढं अंतर चालायचं. पंधरा सेकंदांच्या आत पाच वेळा उठलात तर ठीक. नाही जमलं तर नाव वर.

वर म्हणजे वरच्या मजल्यावर, मोठ्या डॉक्टरांकडे. तिथे हाडांचा फोटो काढायचे, रक्त तपासायचे आणि गोळ्या बदलायचे.

गोळ्या बदलणं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं वाटत होतं. आमच्यात एक मास्तर होते, शाळेत गणित शिकवायचे. त्यांची पहिली लाइन, म्हणजे गोळ्यांचा पहिला संच, लागू पडेनासा झाला, दुसरीवर घातलं. दुसरी बंद पडली, तिसरीवर घातलं. तिसरीवर असताना ते मला म्हणाले होते, "सुतार, चौथी नसते." आठ महिन्यांत गेले. तेव्हापासून आम्हा जुन्या लोकांच्या डोक्यात हे पक्कं बसलं होतं. माणसाच्या वाट्याला तीन लाइनी येतात. आम्ही दोघं एकवीस वर्षं पहिलीवरच होतो. ती आमची पुंजी होती. ती कोणी काढून घेऊ नये म्हणून आम्ही खालच्या, गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांसमोर नेहमी ठणठणीत असायचो. पोट बिघडलं तरी ठीक, झोप नाही तरी ठीक. "काही त्रास?" असं विचारलं की दोघं एका सुरात म्हणायचो, "काही नाही."

गेल्या वर्षी हिच्या उजव्या मांडीच्या वर, जांघेत दुखायला लागलं. सुरुवातीला फक्त सकाळी. मग जिना चढताना. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, सव्वीस पायऱ्या आहेत. ती कठडा धरून आधी डावा पाय टाकायची, मग उजवा ओढून घ्यायची. दुकानातून यायला पूर्वी वीस मिनिटं लागायची, आता पाऊण तास. मी न्यायला गेलो की म्हणायची, "तुम्ही पुढे व्हा, लोक बघतात." लोक कोणी बघत नव्हते.

त्या वेळच्या तपासणीत ती साडेसोळा सेकंदांत उठली. शेवटच्या दोन वेळा तर अक्षरशः दात आवळून. बाई म्हणाल्या, "काकू, कुठे दुखतंय का?"

"नाही गं. रात्री झोप नव्हती."

"या वेळी मी लिहून ठेवते, पाठवत नाही. पुढच्या वेळी असंच झालं तर मात्र वर जावं लागेल हं."

बाहेर आल्यावर ही माझा दंड धरून जिन्यापाशी उभी राहिली. म्हणाली, "पुढच्या वेळी मला नाही जमणार."

"जमेल. घरी सराव करू."

"सराव कसला, कुस्ती आहे का?"

आम्ही सराव केला. मी माझ्या कारखान्यात त्याच मापाची एक खुर्ची केली आणि घरी आणली. टाचा खुर्चीखाली ओढून घ्यायच्या, नाक गुडघ्यांच्या पुढे न्यायचं आणि मग उठायचं, म्हणजे जोर कमी लागतो. हे मी बसणाऱ्यांना बघून शिकलो होतो. रोज संध्याकाळी मी घड्याळ धरायचो. सतरा सेकंद. साडेसतरा. एकदा एकोणीस. सराव वाढला तसं दुखणं वाढलं. शेवटी एक दिवस तिनं खुर्चीवरची चादर काढून घडी केली आणि म्हणाली, "पुरे. तुमची खुर्ची घेऊन जा."

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी माझ्या गोळ्या आणायला गेलो तर व्यायामाच्या बाई दारात भेटल्या. "काका, तुम्ही सुतार ना? आमची खुर्ची डुगडुगते हो. पेशंट पडेल एखादा. बघता का?"

मी खांद्यावर टाकून घेऊन आलो. देवाशपथ सांगतो, आणताना मनात काही नव्हतं. एक पाय झिजला होता, एवढंच. बाकीचे तीन त्याच्या मापाला कापले की झालं. दहा मिनिटांचं काम. मी खुर्ची उलटी करून बाकावर ठेवली आणि करवत हातात घेतली. मग ठेवून दिली.

कापायच्या ऐवजी मी चारही पायांना खालून जोड दिला. त्याच जातीचं जुनं लाकूड होतं माझ्याकडे. आत खुंटी घातली, सरस भरला, एक दिवस दाबून ठेवलं, मग तासून, घासून त्याच रंगाचं पॉलिश दिलं. जोडाची रेघ दिसू नये म्हणून वरून काळे रबरी बूट चढवले. बूट सगळ्याच दवाखान्यांत असतात. दीड इंच. जन्मात केलेल्या कामांत एवढं साफ काम मी थोडंच केलं असेल.

हिला कारखान्यात बोलावलं. म्हटलं, "बस. आता उठ."

ती उठली. तोंड वाकडं न करता उठली. परत बसली, परत उठली. मग खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"किती वाढवलीत?"

"दीड."

"कळेल?"

"मला कळतं."

"तुम्हाला कळून काय उपयोग. दोन करा ना."

"दोन केली तर तुझे पाय लोंबतील. बाईंच्या लक्षात येईल."

ती जोरात हसली. बरेच दिवसांनी हसली. त्या क्षणी मला वाटलं, मी तिच्यासाठी एकदा तरी काहीतरी चांगलं केलं.

तपासणीत तिला बारा सेकंद लागले. बाई खूश झाल्या. "काकू, काय खाताय काय हल्ली?"

"नवऱ्याचं डोकं," ही म्हणाली.

बाईंनी हसत हसत कार्डावर लिहिलं. पुढच्या माणसाला बोलावलं. तोही पटापट उठला. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही. खुर्ची फक्त हिची नव्हती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता कोणाला पटणार नाही, पण नाही आलं.

त्यानंतर पाच महिने ती घरातल्या घरात कमी कमी होत गेली. आधी दुकान सुटलं. शिंपी कापड घरी पाठवायला लागला. मग बाजार सुटला. मग गच्चीवर कपडे वाळत घालणं. जिना उतरणं म्हणजे क्लिनिकचा दिवस, बाकी नाही. रात्री कूस बदलायची तर मला उठवायची नाही, पलंगाची कड धरून स्वतःच वळायची आणि वळताना श्वास रोखायची. मला तो श्वास ऐकू यायचा. लेक फोनवर विचारायची, "आईला दाखवलंत का?" आणि ही लांबून ओरडायची, "सांगा तिला, तपासणीत बारा सेकंद आले म्हणून."

आंघोळ मात्र रोज. दार लावून, कडी घालून. बसायला मी तिला एक स्टूल करून दिलं होतं, बुटकं, कारण तिला पाणी वरून घ्यायला सोपं जायचं. आत जायला आणि यायला मिळून तासभर लागायचा. मी बाहेर पेपर धरून बसायचो. वाचायचो नाही.

एकदा मी म्हटलं, "चल, डॉक्टरांना सांगून टाकू. जे होईल ते होईल."

"काय होईल?"

"गोळ्या बदलतील."

"आणि मग मास्तरांसारखं. मला लेकीचं पोर शाळेत गेलेलं बघायचंय. पाय दुखतो तर दुखू दे, पायानं कोणी मरत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि सांगितलंत तर ते घरी बाई पाठवतील. अंग पुसायला."

मला तिचं ऐकणं सोपं होतं. मी तिला एकदा एवढं मोठं दुखणं दिलेलं होतं, आता तिनं एक गोष्ट मागितली तर ती मोडायची कशी, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर मीही भ्यायलो होतो. दोघांच्या गोळ्या सारख्याच, तिच्या बदलल्या असत्या तर माझ्याही बदलल्या असत्या.

एका सकाळी आंघोळीच्या खोलीतून आवाज आला. पडल्याचा नव्हे, आधी मोडल्याचा, मग पडल्याचा. लाकडात आयुष्य गेलं माझं, कुठला आवाज आधी आला ते मला कळतं. ती स्टुलावरून उठत होती. घसरली नाही, पाय अडकला नाही. उठतानाच मोडलं.

मी दार ठोठावलं. आतून म्हणाली, "थांबा. टॉवेल घेते."

"कडी काढ आधी."

"थांबा म्हटलं ना."

तिचा हात टॉवेलापर्यंत पोचायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मी पटाशी आणली, बिजागऱ्या उचकटल्या आणि दार उचलून बाजूला ठेवलं. तिनं अंगावर टॉवेल ओढून घेतला होता. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला पडलं होतं, जणू तिचं नव्हेच. ती म्हणाली, "शेजाऱ्यांना बोलावू नका. नळ बंद करा."

मोठ्या दवाखान्यात नेलं. मी आजाराचं सांगितलं तेव्हा कोणी दचकलं नाही, फक्त लिहून घेतलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून दाखवला. म्हणाले, हाड विरळ झालंय, मोडायच्या आधीपासून इथे चीर होती, निदान काही महिने. मग हिच्याकडे वळून विचारलं, "आजी, दुखत नव्हतं का?"

ती म्हणाली, "नाही."

मोडलेल्या पायानिशी, माझ्यासमोर, ती नाही म्हणाली. मी शेजारी उभा होतो. मीही काही बोललो नाही.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी अंग पुसायला एक आया आली. हातमोज्यांचा एकच जोड, तोही ओला फाटका. हिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता ती स्वतःच्या सुनेच्या कागाळ्या सांगत होती, सून कशी चहात साखर विसरते आणि वर कशी फुगून बसते. हिनं डोळे मिटून घेतले होते. आया गेल्यावर मी विचारलं, "फार वाईट वाटलं का?"

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "पाणी कोमट होतं." आणि थोड्या वेळानं, "ती सून बिचारी चांगली असेल हो."

नवव्या दिवशी तिला धाप लागायला लागली. अकराव्या दिवशी दुपारी गेली. लेक आली होती. तिनं मला विचारलं, "बाबा, एवढं हाड झिजेपर्यंत तुम्हाला कळलं कसं नाही?" मी म्हटलं, "कळलं नाही." लेक माझ्याकडे बघत राहिली. तिनं पुढे विचारलं नाही, पण ती परत गेल्यापासून तिचे फोन छोटे झालेत.

महिन्याभरानं माझ्या तपासणीची तारीख होती. मी जाणार नव्हतो. पण गोळ्या संपत आल्या होत्या.

बाकावर खानावळवाली मावशी होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग तिचं नाव पुकारलं. दार उघडंच होतं. ती उठली तेव्हा तिनं आधी उजव्या मांडीच्या वर हात दाबला, अंगठा जांघेत खुपसून, आणि मग पाऊल टाकलं. मी तो हात ओळखला. वर्षभर रोज बघितला होता.

ती खुर्चीवर बसली, घडी घातली, उठली, बसली. बाई म्हणाल्या, "तेरा. वा मावशी." मावशी बाहेर येऊन मला म्हणाली, "बघ सुतारा, सत्तरीची आहे मी."

"मांडी दुखते ना?"

"शूः."

"कधीपासून?"

"तू काय डॉक्टर झालास? गप बस. चांगली पास झालेय."

मी आत गेलो. बाई म्हणाल्या, "काका, काकूंचं ऐकलं. फार वाईट वाटलं. तुम्हाला आज नको असेल तर आपण..." मी म्हटलं, "बाई, टेप आहे का?"

"कसली टेप?"

"मोजायची."

त्यांनी कंबर मोजायची कापडी टेप दिली. मी म्हटलं, "खुर्ची मोजा. जमिनीपासून बैठकीपर्यंत." त्यांना वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलंय. पण मोजली. मग खाली वाकून एक रबरी बूट काढला आणि जोडाच्या रेघेवरून बोट फिरवलं. परत मोजली. मग त्या सावकाश आपल्या स्टुलावर बसल्या.

"मी दुरुस्तीला दिली होती तेव्हा?"

"हो."

"काकूंसाठी?"

"हो."

त्यांनी भिंतीजवळची कार्डांची पेटी ओढली आणि तारखा बघायला लागल्या. मोठ्यानं मोजत नव्हत्या, पण ओठ हलत होते. "सेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून सेहेचाळीस जण बसलेत या खुर्चीवर. मी वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की आमचे पेशंट सुधारतायत. माझं कौतुक झालं त्यावर." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "काका, तुम्ही मला सांगायचं होतंत, काकूंना दुखतंय म्हणून. नुसतं एवढं."

मी माझी पिशवी उघडली. करवत मी घरूनच आणली होती. तेव्हा कळलं मला, की मी न सांगता परत जायला आलोच नव्हतो.

खुर्ची मी बाहेर मोकळ्या जागेत आडवी टाकली आणि चारही जोड कापले. सगळे बघत होते. लाकडाचा भुसा फरशीवर पडला. मावशीनं विचारलं, "काय चालवलंयस?" मी तिला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मावशी उठून आली. मी कापलेली खुर्ची सरळ ठेवली होती, त्यावर बसली आणि हातांची घडी घातली. उठायला गेली. अर्ध्यात येऊन परत बसली. परत उठायला गेली.

"मेल्या," ती मला म्हणाली, "मला उठव."

मी हात दिला. तिनं तो धरला आणि उभी राहिल्यावर झटकून टाकला. "पोरीला मारलंस, आता आम्हालाही मारणार होतास." मग बाईंना म्हणाली, "लिहा माझं नाव वरती."

बाईंनी तिचं नाव लिहिलं. त्याखाली माझं लिहिलं. मी बसून बघितलंच नव्हतं, तरी लिहिलं.

वरच्या मजल्यावर मी एकवीस वर्षांत पहिल्यांदा गेलो. मोठे डॉक्टर माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर. त्यांना खालून फोनवर सगळं कळलेलं होतं. ते रागावले नाहीत. मी मास्तरांचं सांगितलं आणि लाइनींबद्दल विचारलं. ते म्हणाले, "मास्तरांच्या गोळ्या विषाणूला लागू पडत नव्हत्या, म्हणून बदलल्या. ती गोष्ट वेगळी. तुमच्या बायकोचा विषाणू आटोक्यात होता. तिच्या हाडांना ती गोळी सोसत नव्हती, एवढंच. तिच्या जागी दुसरी दिली असती. लाइन काही संपत नाही त्यानं. अशा गोळ्या आठवड्याला दोघातिघांच्या मी बदलतो."

"ती जगली असती?"

"ते मी सांगू शकत नाही. चीर वेळेवर दिसली असती. कुबडी दिली असती, हाडांची औषधं दिली असती. कदाचित."

"हे आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"खाली फलकावर लिहिलंय. तीन वर्षं."

तो फलक मला माहीत होता. तो रस्त्याकडच्या दाराला तोंड करून आहे. त्याच्याखालच्या बाकावर आमच्यातलं कोणीच बसत नाही, रस्त्यावरून जाणारा ओळखेल म्हणून. वाचायला उभंही राहत नाही.

डॉक्टरांनी नवा कागद घेतला, वर माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "आता तुमचं सांगा. काय त्रास होतो?"

मी म्हटलं, "मांडीच्या वर दुखतं. जांघेत."

"कुठल्या?"

"उजव्या. सकाळी जास्त. उठताना. जिना चढताना पाय ओढावा लागतो. कूस बदलताना श्वास रोखून धरावा लागतो."

ते भराभर लिहीत होते. "कधीपासून?"

"गेल्या वर्षीपासून. आधी फक्त सकाळी असायचं. मग दुकानातून येताना पाऊण तास लागायला..." मी थांबलो. डॉक्टरांनी मान वर केली.

"दुकानातून?"

"माझं नाही," मी म्हटलं. "माझे गुडघे दुखतात फक्त. हे हिचं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या नावाचा कागद बाजूला सरकवला. दाराबाहेर मावशी खोकत होती, तिला आधी हाडांच्या फोटोला नेलं होतं म्हणून तिचा नंबर माझ्यानंतर होता. मला वाटलं, ते आता मला उठायला सांगतील.

ते म्हणाले, "सांगा. सगळं सांगा."

मग मी सांगितलं. कुठे दुखायचं, कसं, किती वेळ. कुठली पायरी आली की ती थांबायची. कुठल्या दिवशी दुकान सुटलं. आंघोळीला किती वेळ लागायचा. वर्षभर जे काही मी बघत होतो ते सगळं, तिच्या डॉक्टरांना सांगावं तसं, तारखेवार सांगितलं, आणि ते मधे एकदाही म्हणाले नाहीत की आता याचा उपयोग नाही.